एकी की बेकी?
बोन्सायच्या जंगलातील झाडांच्या संख्येविषयी

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी आम्हा मुलांचा एक खेळ चाले. मुठीत चिंचोके घ्यायचे, मूठ समोरच्यापुढे धरायची आणि विचारायचे, "एकी की बेकी?" समोरच्याने बरोबर ओळखले तर चिंचोके त्याचे, चुकला तर त्याने तेवढेच भरायचे. एकी म्हणजे विषम, बेकी म्हणजे सम, एवढे आम्हाला ठाऊक होते. एकी म्हणजे जूट आणि बेकी म्हणजे फूट, हा त्याच शब्दांचा दुसरा अर्थ शाळेत गेल्यावर कळला. दोन्ही अर्थांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे मात्र मनात आले ते पन्नाशी उलटल्यावर, तेही एका उथळ कुंडीतल्या सहा झाडांसमोर बसून.

मी गेली वीसेक वर्षे हौसेने बोन्साय करते. एकेकटी झाडे करता करता मला जंगल करण्याचा नाद लागला. जपानी भाषेत त्याला 'योसे-उए' म्हणतात, म्हणजे एकत्र केलेली लागवड. एकाच जातीची लहानमोठी झाडे उथळ, पसरट कुंडीत अशी लावायची की पाहणाऱ्याला दूरवरची राई पाहिल्याचा भास व्हावा. माझ्या जंगलात चिंचेची सात झाडे होती. आजोळच्या परसातली म्हातारी चिंच रस्तारुंदीकरणात गेली. ती जाण्याच्या आदल्या वर्षी मामीने पाठवलेल्या चिंचोक्यांतून सात रोपे तगली, तीच ही सात झाडे. चिंचेचे पान बारीक, साल लवकर खडबडीत होणारी. त्यामुळे सात-आठ वर्षांतच त्यांना वय आल्यासारखे दिसू लागले.

तीन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात कुंडीचे एक भोक मुळ्यांनी बुजले. त्या कोपऱ्यात पाणी साचून राहिले आणि श्रावण संपायच्या आत एक झाड मेले. सातांची सहा झाली. एका अनुभवी स्नेह्यांनी कुंडी पाहून लगेच सांगितले, "रोपवाटिकेतून एखादं रोप आणून लावा. सम आकडा चालत नाही."

का चालत नाही, हा प्रश्न मला तेव्हा पहिल्यांदा पडला. इतकी वर्षे हा नियम मी पाळत आले होते आणि शिकायला येणाऱ्यांना सांगतही होते. तो कुठून आला हे मात्र कधी विचारले नव्हते. पुढले वर्षभर या एका प्रश्नामागे मी वाचत आणि पाहत राहिले, त्याचा हा वृत्तान्त.

नियम नेमका काय आहे?

जंगल म्हणवण्यासाठी झाडे तीन, पाच, सात, नऊ अशी लावावीत, असे बोन्सायची बहुतेक पुस्तके सांगतात. जपानीत या प्रकारांना संख्येवरूनच नावे आहेत: तीन झाडांचे 'साम्बोन-योसे', पाचांचे 'गोहोन-योसे', सातांचे 'नानाहोन-योसे', नवांचे 'क्यूहोन-योसे'. या यादीत चार, सहा, आठ नाहीत. दोन आहे, पण त्याचा मान वेगळा. दोन झाडांच्या लागवडीला 'सोजु' म्हणतात आणि एकाच मुळावर दोन खोडे असतील तर 'सोकान'. त्यांत एक मोठे, एक लहान, आणि दोन्ही अगदी जवळ, आई आणि मूल उभे असावे तशी. म्हणजे सम आकड्यावरची बंदी पहिल्याच सम आकड्याला लागू नाही. झाडांची संख्या दहा-अकराच्या पुढे गेली की जाणकार आकड्याचा आग्रह सोडून देतात. तेव्हा हा नियम प्रत्यक्षात चार, सहा, आठ आणि फार तर दहा एवढ्यांपुरताच उरतो. इतक्या तोकड्या हद्दीचा नियम हा निसर्गाचा नियम असू शकत नाही. डोंगरावरचे कोणतेही रान आपली झाडे मोजून वाढवत नाही.

पहिले उत्तर: शुभाशुभ

सर्वांत सोपे उत्तर अंधश्रद्धेचे. जपानीत चारचा एक उच्चार 'शि' आहे आणि मृत्यूचाही उच्चार 'शि'च. म्हणून चार टाळतात. हे खरे आहे, पण पुरेसे नाही. नऊचा एक उच्चार 'कु' आहे आणि 'कु' म्हणजे दुःख, यातना. नऊ हाही तिकडे तितकाच बदनाम आकडा. तरीही नऊ झाडांचे जंगल सर्रास लावतात. उलट सहा आणि आठ यांच्यावर असा कोणताच डाग नाही. आठचा आकडा तर लिहिताना खाली पसरत जातो म्हणून तिथे भरभराटीचा मानतात. तरी आठ झाडांचे जंगल नियमात बसत नाही. केवळ उच्चाराची भीती असती तर यादी वेगळी झाली असती.

त्याहून खोल गेलेली गोष्ट म्हणजे विषम आकड्यांविषयीची जुनी आस्था. चिनी विचारात विषम संख्या 'यांग', म्हणजे प्रकाशाच्या, चैतन्याच्या बाजूच्या. तिथून जपानात आलेले जुने सण तिसऱ्या महिन्याची तिसरी, पाचव्याची पाचवी, सातव्याची सातवी आणि नवव्याची नववी तारीख असे येत. आजही १५ नोव्हेंबरला तीन, पाच आणि सात वर्षांच्या मुलांना देवळात नेतात. त्या सणाचे नावच 'सात-पाच-तीन' असे आहे. तिथे लग्नात अहेराची रक्कमही विषम आकड्यात देण्याची रीत आहे. कारण असे सांगतात की सम रक्कम दोघांत सारखी वाटता येते, आणि नव्या जोडप्याची वाटणी कोणी चिंतू नये.

हे वाचले आणि मला मुठीतले चिंचोके आठवले. आपल्याकडे ११, २१, ५१, १०१ असे अहेर देतात, पाकिटाला एक रुपयाचे नाणे चिकटवलेले असते. कारण विचारले तर प्रत्येक घरी वेगळे मिळेल. पण भाषेने आपले कारण 'एकी' आणि 'बेकी' या दोन शब्दांत सांगून ठेवले आहे. ज्याचे दोन सारखे वाटे पडतात ते बेकीचे. जपानी माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

तरीही आस्था एकसारखी नसते. आपल्याकडेच 'तीन तिघाडा काम बिघाडा' म्हणतात, आणि सप्तपदीत विषम पावले टाकणारे लोक घरात वस्तू मात्र जोडीने आणतात. चीनमध्ये शुभ गोष्ट जोडीने यावी अशी समजूत आहे. शुभाशुभातून नियमाचे मूळ कळते. चार झाडे डोळ्यांनाही का खटकतात, हे त्यातून कळत नाही.

दुसरे उत्तर: चित्रकाराचे

या शोधात मला सर्वांत उपयोगी पडला तो एक चिनी चित्रग्रंथ. १६७९ मध्ये नानजिंगमध्ये त्याचा पहिला भाग छापला गेला. वांग गाई या चित्रकाराने सिद्ध केलेला हा ग्रंथ 'मोहरीच्या दाण्याएवढ्या बागेची चित्रपुस्तिका' अशा अर्थाच्या नावाने ओळखला जातो. निसर्गचित्र कसे काढावे याचे ते क्रमिक पुस्तकच होते. पुढे ते जपानात पोहोचले आणि तिथल्या चित्रकारांच्या पिढ्या त्यावर शिकल्या. त्यात झाडांचे पाठ असे आहेत: आधी एक झाड, मग दोन, मग तीन, आणि एकदम पाच.

चार का नाही, याचा खुलासा पुस्तिकेनेच केला आहे. चार झाडे म्हणजे तीन अधिक एक, किंवा दोन आणि दोन. दोन आणि तीन झाडांची जुळणी ज्याला आली त्याला चारचा वेगळा धडा नको. पाच झाडांत मात्र जुळणीची खरी कसोटी लागते, आणि पाच साधली की पुढे हजार झाडेही त्याच रीतीने साधतात. इथे मृत्यूचा उल्लेख नाही, शुभाशुभही नाही. चार हा आकडा वाईट म्हणून वगळलेला नाही. शिकवण्यासारखे त्यात नवे काही नाही म्हणून वगळला आहे. नियम बहुधा असेच तयार होत असावेत. गुरू एखादा धडा गाळतो, आणि शिष्याचा शिष्य समजतो की ते निषिद्ध आहे.

तिसरे उत्तर: डोळ्याचे

१८७१ मध्ये विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने स्वतःवरच एक प्रयोग केला. घेवड्याचे दाणे मुठीने उचलायचे, एका डबीत टाकायचे, आणि पडताक्षणी, न मोजता, किती पडले ते म्हणायचे. असे त्याने १,०२७ वेळा केले. आमच्या चिंचोक्यांच्या खेळाचा हा विद्वान भाऊच म्हणायचा. तीन आणि चार दाण्यांच्या बाबतीत तो एकदाही चुकला नाही. पाचापासून चुका सुरू झाल्या आणि आकडा वाढत गेला तशा वाढत गेल्या.

म्हणजे तीन-चारपर्यंत संख्या आपल्याला दिसते; त्यापुढे ती मोजावी लागते किंवा गट पाडून ओळखावी लागते. डोळा गट कसे पाडतो याचा अभ्यास माक्स वेर्टहायमर या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये प्रसिद्ध केला. जवळजवळचे ठिपके आपण आपोआप एकत्र धरतो, हे त्याच्या प्रसिद्ध सूत्रांपैकी पहिले. आता चार झाडांकडे पाहा. चार आहेत हे क्षणात कळते आणि डोळा लगेच त्यांच्या दोन जोड्या लावतो. जोडी लागली की डोळ्याला काम उरत नाही. पाच झाडांत जोड्या लावल्या तरी एक उरतेच. त्या उरलेल्या एकाला कुठे बसवायचे म्हणून डोळा पुन्हा फिरतो. जंगलात अपेक्षित असते ते हे फिरणे.

आपल्या संगीतात 'सम' म्हणजे जिथे आवर्तन येऊन टेकते ती जागा. सम आकडाही असाच टेकतो. 'विषम' शब्दाला मात्र मराठीत बरे दिवस आले नाहीत. विषमता, विषमज्वर, सगळे नकोसेच. जपानीत विषम संख्येसाठी जे अक्षर वापरतात त्याचा अर्थ विचित्र, आणि अद्भुतही. संस्कृतातही शब्दाची ही दुसरी बाजू आहे: तीन डोळ्यांचा शिव विषमाक्ष, पाच बाणांचा मदन विषमबाण.

आणखी एक जुळणी मला फार आवडली. बोन्सायच्या जंगलाची बाह्यरेखा त्रिकोणी असावी, आणि त्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजू वेगवेगळ्या लांबीच्या असाव्यात, असा दंडक आहे. शाळेच्या भूमितीत आपण त्याला विषमभुज त्रिकोण म्हणतो. संख्येतला विषम आणि आकारातला विषम यांना मराठीने एकच शब्द दिला आहे. मग मला शंका आली, की नियम मुळात आकाराचा असावा आणि आपण तो संख्येचा समजत असू तर?

गणिताची गंमत

विषम संख्येचे दोन पूर्ण भाग कधीच सारखे होत नाहीत. जंगल बहुधा दोन गटांत लावतात: एक मुख्य, एक दुय्यम, आणि मध्ये मोकळी जागा, जिथून वाट किंवा ओढा गेल्यासारखा वाटतो. तेव्हा विषम संख्या घेतली की गट असमान होणारच. नवशिक्याला याहून चांगले संरक्षण नाही. झाडांचा चुकून समतोल साधायची सोयच राहत नाही.

पण याच गणिताची दुसरी बाजू कोणी सांगत नाही. विषम संख्येचे दोन भाग केले की त्यांतला एक भाग नेहमी सम असतो. सात म्हणजे चार आणि तीन, किंवा पाच आणि दोन, किंवा सहा आणि एक. ज्या आकड्याला घाबरून सात झाडे घेतली, तो आकडा एका गटात येऊन बसतोच. उलट आठ झाडे पाच आणि तीन अशी लावली तर दोन्ही गट विषम. क्योतोच्या र्योआन-जी मंदिरातल्या प्रसिद्ध दगडी बागेत १५ दगड आहेत, पाच गटांत: एक गट पाचांचा, दोन तिनांचे आणि दोन गट दोनांचे. विषम बेरजेच्या पोटात सम आकडे सुखाने राहतात, आणि ओसरीवर कुठेही बसले तरी एक तरी दगड लपलेलाच राहतो. पंधराची बेरीज डोळ्यासमोर एकदम कधी येतच नाही.

याचा अर्थ, खटकतो तो सम आकडा नाही. खटकतो तो सारखेपणा.

नाकांचे अकरा वृक्ष

जगातले बहुधा सर्वांत प्रसिद्ध बोन्साय जंगल अमेरिकेत, वॉशिंग्टनच्या राष्ट्रीय वृक्षोद्यानातील बोन्साय संग्रहालयात आहे. त्याचे नाव 'गोशिन', म्हणजे आत्म्याचा रक्षक. ते केले जॉन नाका यांनी. नाका १९१४ मध्ये अमेरिकेत जन्मले, बालपणी जपानात गेले आणि तरुणपणी परत आले. पश्चिमेकडच्या अनेक पिढ्यांना बोन्साय त्यांनी शिकवले. २००४ मध्ये ते वारले.

गोशिनमधल्या पहिल्या दोन जुनिपर झाडांवर नाका १९४८ पासून काम करत होते. १९६४ च्या सुमारास त्यांनी स्वतंत्रपणे वाढवलेली झाडे एका कुंडीत एकत्र आणली. ती किती होती? चार. पुढे त्यांनी ती सात केली; तेव्हा त्यांना सात नातवंडे होती, प्रत्येकासाठी एक झाड. मग पाण्याचा निचरा नीट न झाल्याने काही झाडे मेली आणि त्यांच्या जागी नवी लावावी लागली. हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिले. १९७३ पर्यंत नातवंडे अकरा झाली आणि झाडेही अकरा झाली. १९८४ मध्ये गोशिन संग्रहालयाला भेट दिले गेले.

सात आणि अकरा, दोन्ही विषम. नियम पाळला गेला म्हणून बोन्सायवाले खूश होतात. पण तो पाळला गेला नातवंडांच्या संख्येमुळे. दहाच नातवंडे असती तर नाकांनी काय केले असते? मला वाटते, त्यांनी दहा झाडे लावली असती आणि ती आपल्याला अकरांइतकीच सुंदर वाटली असती. नातवंडांचे झाड गाळणारा किंवा आकड्यासाठी परके झाड घालणारा आजोबा माझ्या डोळ्यासमोर येत नाही.

सहा झाडांचे काय केले

आता माझ्या कुंडीकडे. सात झाडे होती तेव्हा चार उजवीकडे आणि तीन डावीकडे अशी होती. मेलेले झाड चारांतले. त्यामुळे उरली तीन आणि तीन. दोन्ही गट विषम, पण सारखे. आट्यापाट्यांच्या डावात दोन संघ समोरासमोर उभे राहावेत तशी ती दिसू लागली. स्नेह्यांना खटकले ते बरोबरच होते. त्याचे नाव त्यांनी सम आकडा असे सांगितले, एवढेच.

रोपवाटिकेतले रोप आणून लावले असते तर सात झाली असती. पण ती सहा एका झाडाची लेकरे. ते झाड आता नाही, आणि त्याचा चिंचोका पुन्हा मिळायचा नाही. सातवे आणायला माझा हात धजेना.

पुढच्या उन्हाळ्यात, जूनच्या तोंडाशी, मी सगळी झाडे कुंडीबाहेर काढली. मुळे छाटली, भोके मोकळी केली, त्यांवर नवी जाळी बसवली. सर्वांत जाड आणि उंच झाड मध्यापासून उजवीकडे, कुंडीच्या साधारण तिसऱ्या भागावर. त्याच्याजवळ आणखी चार, प्रत्येकातले अंतर वेगळे, कोणतीही तीन एका रेषेत नाहीत, समोरून पाहताना कोणाचे खोड कोणाच्या आड नाही. कडेच्या झाडांच्या फांद्या बाहेरच्या बाजूला राखल्या आणि मधल्यांच्या खालच्या छाटल्या, कारण दाट रानात उजेड मिळतो तो वरून आणि कडेने. सहावे, सर्वांत बारीक झाड दूर डावीकडे, जरा मागे, एकटे लावले. मागे लहान झाड असले की अंतर वाढल्यासारखे वाटते. तारेने सगळी कुंडीला बांधली, माती उजवीकडे जरा उंच केली, वर शेवाळ दाबले.

पाच आणि एक. बेरीज सम, दोन्ही गट विषम, आणि सारखे काहीच नाही. डोळा पाचांवरून निघतो, मोकळ्या जागेतून त्या एकट्या झाडाकडे जातो आणि परत येतो.

मागच्या हिवाळ्यात ते जंगल मी एका छोट्या प्रदर्शनात ठेवले. तेच स्नेही आले. बराच वेळ उभे राहिले, वाकून खालून पाहिले, डावीकडच्या एकट्या झाडापाशी बोट नेऊन म्हणाले, "हे छान बसवलंय." मग पुढच्या टेबलाकडे निघाले, दोन पावले गेले, थांबले आणि मागे वळून तोंडातल्या तोंडात मोजू लागले.

"अहो, ही सहाच आहेत!"

"हो," मी म्हटले.

त्यांनी पुन्हा एकदा मोजून पाहिले.